‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ की गल्लीतली खानावळ?

आईच्या पंच्याहत्तरीला आम्ही नऊजण कोल्हापुरातल्या एका ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’मध्ये जेवायला गेलो. एसी हवा, आईला नीट खुर्ची हवी, म्हणून. खुर्ची नीट मिळाली, एवढंच. ताटं यायला पाऊण तास लागला. शेजारच्या टेबलांवर बाटल्या आणि चकणा मात्र लगेच पोहोचत होता. पांढऱ्या रश्श्याला कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा. खरा पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि खसखशीचं वाटण घालून होतो, वाटीतून पिता येतो. आईने दोन घोट घेऊन वाटी सरकवली, ते मला फार लागलं. वर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज! तो सक्तीने लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. हे सांगितल्यावर काढला. ५ टक्के जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

पुढच्या रविवारी खानावळीत गेलो. बाकडी अरुंद, गाडी लावायला जागा नाही, अर्धा तास ताटकळलो. पण बसताच ताट पुढ्यात: सुकं मटण, तांबडा, पांढरा, तव्यावरची भाकरी. रस्सा मागेल तितका. “आजी, तिखट लागलं तर पांढरा घ्या आणखी,” म्हणत मावशींनी वाटी भरली. आईने तीनदा घेतला.

माझं मत खानावळीलाच. फक्त गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर दुपारी बाराच्या आधी पोहोचा.