परदेशी अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली आमच्या पोरांना कसं लुबाडलं

यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या कॉलेजांत सध्या एक चकचकीत माहितीपत्रक फिरतंय. ‘प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली परदेशी अभ्यासदौरा’, आणि या वेळी जपान. कंपनीचं नाव नवं आहे, पत्ता नागपूरचा आहे, आणि दुसऱ्या पानावर निळे ब्लेझर घालून पासपोर्ट उंचावलेली जी पोरं दिसतात ती आमच्या कॉलेजची आहेत. आमच्याकडे हाच दौरा हॉलंडचा, म्हणजे नेदरलँड्सचा, म्हणून विकला गेला होता, आणि त्यातलं एकही पोर विमानात बसलेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं कॉलेज दिग्रस-आर्णी पट्ट्यातलं. पोरं बहुतेक कास्तकारांची, बाप यार्डात सोयाबीन विकायला गेला की पोत्यांपाशी राखण करत बसलेली. मी त्यांना सहकार आणि पणन शिकवते. हॉलंडच का, असं तेव्हा गावात बऱ्याच जणांनी विचारलं. कारण सरळ होतं. आल्समीरला फुलांचा जो जगप्रसिद्ध लिलाव चालतो, तो चालवणारी रॉयल फ्लोराहॉलंड ही फुलं पिकवणाऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. तिथे भाव वरून खाली येतो. घड्याळावर चढा भाव लागतो, तो उतरत जातो, आणि जो आधी बटण दाबेल त्याला माल. आपल्याकडे बोली खालून वर चढते, निदान चढावी अशी अपेक्षा असते. राबोबँकही मुळात तिथल्या शेतकऱ्यांच्या गावोगावच्या सहकारी पतसंस्थांतून उभी राहिली, जर्मनीत अशा पतसंस्था सुरू करणाऱ्या रायफायझनच्या धर्तीवर. आपल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही तोच नमुना होता. फळ्यावर हे सगळं दहा मिनिटांत संपतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन श्रेयांकांचा फील्ड प्रोजेक्ट, बारा दिवसांचा दौरा, आणि परत आल्यावर प्रत्येकानं आपल्या बाजार समितीशी तुलना करून अहवाल द्यायचा, असा आराखडा मी केला होता. तो आराखडा आजही चांगलाच आहे.

दौरा विकणारा हा एजंट आला तो आमच्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या ओळखीनं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून चहा पिता पिता म्हणाला, “म्याडम, तुमी फक्त पोरायले शिकवा. व्हिसा, तिकीट, हॉटेल, तिकडची संस्था, सारं आमच्याकडं. तुमाले एक ईमेल बी करा लागत नाई.” कॉलेजच्या दौरा समितीला हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडलं, कारण आमच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार म्हटला की सगळे एकमेकांकडे पाहतात. पुढचा सगळा डाव त्याच एका वाक्यावर उभा होता. तिकडची संस्था, विमान कंपनी, दूतावास, यांतल्या कोणाशीच आमचा थेट संबंध येणार नाही, याची त्यानं पहिल्याच दिवशी सोय केली.

दुसरं आमिष प्राध्यापकांसाठी होतं. दहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक मोफत. पर्यटनाच्या धंद्यात ही पद्धत आहे, त्याला ते एफओसी म्हणतात, आणि त्यात बेकायदा काही नाही. पण मोफत म्हणजे ते पैसे दहा पोरांच्या खिशातून जातात. ज्याचं तिकीट फुकट आहे तो दर कमी करा म्हणून भांडेल का? मी समितीत हे बोलले. त्यावर ‘म्याडमला जायचं नसेल तर नाव काढा’ अशी कुजबुज झाली.

मग आलं तिकडच्या शिक्षणसंस्थेचं निमंत्रणपत्र. जाड कागद, रंगीत बोधचिन्ह, गोल शिक्का. प्राचार्यांनी ते लॅमिनेट करून फलकावर लावलं. ते पत्र आता माझ्यासमोर आहे, आणि नीट पाहिलं तर त्यात खोट शोधायला हुशारी लागत नाही. डच संस्थांचे ईमेल पत्ते साधारण डॉट एनएलवर संपतात. इथे संस्थेच्या नावात एक आडवी रेघ घालून पुढे डॉट कॉम लावलेलं आहे. तळाशी व्यापार नोंदणी क्रमांक म्हणून जो आकडा आहे तो सात अंकी आहे. नेदरलँड्समध्ये तो क्रमांक आठ अंकी असतो आणि त्यांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. गंमत म्हणजे त्या डच माणसाच्या सहीखाली तारीख आपल्या पद्धतीनं, ‘दि.’ लिहून, टाकलेली होती.

दर ठरला माणशी १ लाख ८५ हजार, तीन हप्त्यांत. हा काळ २०२४ च्या दिवाळीचा. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, आणि यार्डात प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली चाललेलं. कोणी चुकारा आला तसा आणून दिला, कोणी पतसंस्थेतून उचल केली, एका घरानं दुभती म्हैस विकली. त्या घरातल्या मुलीचा बाप मला फक्त एवढंच विचारायला आला होता, “म्याडम, पोरगी इमानात एकटी त नाई ना बसन?”

पहिला हप्ता कंपनीच्या चालू खात्यात गेला. दुसऱ्या हप्त्याला निरोप आला की त्या खात्याची मर्यादा संपली आहे, या दुसऱ्या खात्यावर टाका. ते एका बाईच्या नावाचं बचत खातं होतं. यूपीआयवर पैसे पाठवताना खातेदाराचं नाव दिसतं, ते पालकांना दिसलंही. ‘आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत’ असं उत्तर आलं. तिसरा हप्ता बऱ्याच जणांकडून रोख घेतला, आणि पावतीऐवजी व्हॉट्सॲपवर ‘रिसीव्हड’ आणि नमस्काराचे हात.

शिवाय पाच टक्के टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्यानं सरकारसाठी गोळा करायचा आयकर, माणशी ९,२५० रुपये वेगळे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा वर्षाला सात लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस होताच, त्यामुळे हे ऐकायला अगदी नियमात वाटलं. पण हा कर एजंटचा नसतो. तो पैसे देणाऱ्याच्या पॅनवर जमा व्हावा लागतो, एजंटनं तिमाही विवरण भरलं की आयकर खात्याच्या २६एएस या कर-नोंदीच्या उताऱ्यात दिसतो, आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो. आमच्या एकाही पालकाच्या २६एएसमध्ये एक रुपया नाही. असा कर गोळा करणाऱ्याला जो टॅन क्रमांक लागतो, तोसुद्धा त्याच्या पावतीवर नव्हता. ज्यानं सरकारच्या नावानं पैसे घेऊन ते सरकारला दिले नाहीत, तो बाकीचे पैसे विमान कंपनीला देईल कशावरून?

जानेवारीत त्यानं कॉलेजच्या सभागृहात ‘पासपोर्ट वितरण सोहळा’ घडवून आणला. पासपोर्ट पोरांनी स्वतः काढले होते, दीड हजार रुपये सरकारी शुल्क भरून, पोलीस पडताळणी करून. यानं ते व्हिसासाठी म्हणून गोळा केले, आणि मग स्टेजवर एका पुढाऱ्याच्या हस्ते त्यांनाच परत वाटले. फोटो झाले. फोटो झाल्यावर पासपोर्ट पुन्हा गोळा. त्या दिवशीचे निळे ब्लेझर अडीच हजाराला एक, अस्तर नसलेले, बगलेत शिवण उसवलेली. या सगळ्या व्यवहारात पोरांच्या हातात पडलेली ती एकमेव वस्तू. बाहेरची लोकं अजून विचारतात की आठ-नऊ महिने तुम्ही गप्प कसे बसलात. गप्प कोणी बसलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तो काहीतरी हातात ठेवायचा: कधी ब्लेझर, कधी पत्र, कधी पीएनआर.

पीएनआरचं नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथे फसतात. त्यानं गटात सहा अक्षरांचा पीएनआर टाकला. पोरांनी विमान कंपनीच्या साइटवर जाऊन पाहिलं, तर नावं बरोबर, तारीख मेमधली, नागपूर ते मुंबई आणि पुढे ॲमस्टरडॅम. कॉलेजात पेढे वाटले. पण पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवल्याची नोंद. पैसे न भरताही ती काही काळ राहते आणि मुदत संपली की आपोआप रद्द होते. तिकीट निघालं की तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक मिळतो, त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे. आमच्या नोंदीत ती जागा रिकामी होती. आमच्याच एका विद्यार्थ्यानं, ज्याचा मामा शेगावला तिकिटांचं काम करतो, ते हेरलं. दहा दिवसांनी तोच पीएनआर टाकला तर ‘नोंद सापडत नाही’.

व्हिसाचा भाग तर मला सर्वात जास्त संतापजनक वाटतो. त्यानं व्हिसा फी आणि ‘अपॉइंटमेंट चार्ज’ मिळून माणशी चौदा हजार वेगळे घेतले. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचं, प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, हे खरं. पण युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे की अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ. म्हणजे नेमकं आमच्यासारख्यांना. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क तेवढं वेगळं द्यावं लागतं. आणि ‘ग्रुप व्हिसा आहे, कोणाले मुंबईले जा लागत नाई’ ही तर उघड थाप होती. पहिल्यांदा शेंगेन व्हिसा घेणाऱ्याला बोटांचे ठसे स्वतः हजर राहून द्यावे लागतात. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांच्या आत पुन्हा वापरता येतात, पण आमच्या पोरांपैकी कोणी आयुष्यात कधी दिलेच नव्हते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करायचा असतो. एप्रिल उजाडला तरी ठशांसाठी कोणालाच बोलावणं नाही, याचा अर्थ अर्जच गेलेले नाहीत.

त्याच आठवड्यात मी त्या डच संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आंतरराष्ट्रीय विभागाचा पत्ता काढला आणि निमंत्रणपत्राचा फोटो जोडून चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. असं पत्र आम्ही दिलेलं नाही, या नावाचा कोणी आमच्याकडे काम करत नाही, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना खरंच यायचं असेल तर आम्हाला थेट लिहा, गटभेटींची आमची ठरलेली पद्धत आहे. शेवटचं वाक्य वाचून मला रडू आलं. ज्या कामासाठी त्याला लाखो रुपये दिले, ते एका ईमेलचं होतं.

त्यानंतर तो आधी ‘दूतावासाचा सर्व्हर बंद आहे’ म्हणाला, मग फोन बंद. मध्ये एकदा नव्या नंबरवरून धमकी आली: तक्रार केली तर पासपोर्ट विसरा. हे ऐकून पालक हबकले आणि काहींनी तर मला हातपाय जोडून गप्प राहायला सांगितलं. अशा वेळी लक्षात ठेवायचं ते हे की पासपोर्ट कायद्यानं भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणा एजंटला तो अडवून ठेवायचा अधिकारच नाही. आम्ही लेखी तक्रारीत पैशांच्या आधी पासपोर्टचा मुद्दा घातला. पोलीस तेवढ्यानं हलले आणि पासपोर्ट नागपूरच्या एका भाड्याच्या खोलीतून मिळाले.

पैशांचं मात्र ठाण्यात पहिलं उत्तर ठरलेलं होतं, ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’. तिथे खचून घरी यायचं नाही. पैसे घेताना खोटं निमंत्रणपत्र दाखवलं, ही फसवणूक झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते पत्र आणि डच संस्थेचं उत्तर शेजारी शेजारी ठेवल्यावर आर्थिक गुन्हे शाखेनं तक्रार घेतली. ज्यांनी पैसे ऑनलाइन पाठवले असतील त्यांनी शंका येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्याकडे उशीर झाला होता, तरी त्या बाईच्या खात्यात थोडी रक्कम सापडली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आयोगाची परवानगी घेऊन सगळ्या पालकांना मिळून एकच तक्रार करता येते. वकिलाचा खर्च वाटून घ्यायला ते बरं पडतं. रोख दिलेल्यांची अवस्था वाईट आहे. त्यांच्याकडे नमस्काराचे हात आहेत फक्त, तरी त्या चॅटचे स्क्रीनशॉट आम्ही जोडलेत. फोन बदलण्याआधी चॅट काढून ठेवा.

आता माहितीपत्रकाकडे. तुमच्या कॉलेजात ते आलं असेल तर त्या माणसाला पिटाळायच्या आधी त्याच्याकडून निमंत्रणपत्राची प्रत, टॅन क्रमांक आणि खात्याचा तपशील लेखी मागून घ्या आणि तपास अधिकाऱ्याकडे पोचवा. त्याचा सध्याचा ठावठिकाणा आम्हाला हवा आहे. आमच्या गुन्ह्याचा क्रमांक मी विचारणाऱ्याला देईन.

आणि दौरा अजून रद्द झालेला नाही. डच संस्थेशी पत्रव्यवहार मी आणि तिकिटाची नोंद हेरणारा तो विद्यार्थी मिळून करतो आहोत. पैसे जमतील ते प्राचार्य आणि पालक प्रतिनिधी यांच्या संयुक्त सहीच्या खात्यात, आणि ई-तिकीट क्रमांक हातात आल्याशिवाय विमानाचा हप्ता सुटणार नाही. प्राध्यापकाचं भाडं प्राध्यापकानं भरायचं, असा ठराव मी मांडला आहे. तो अजून मंजूर व्हायचा आहे. समितीत पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे.