नवं नाव घ्यायचं की आहे ती ओळख आवरायची?

फॅशन क्षेत्रातल्या ना-नफा संस्थेच्या बैठकीत 'आपला लोगो जुना वाटतो' असा विषय निघाला, की दोन तट पडतात. एकाला नावासकट सगळं नवं हवं असतं, दुसऱ्याला आहे तेच नीटनेटकं करायचं असतं. या क्षेत्रातल्या दोन संस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर निवड सोपी होते.

सस्टेनेबल ॲपरेल कोअलिशन २०११ मध्ये ब्रँड, कारखानदार आणि संस्थांनी मिळून उभी केली. पर्यावरणावरचा भार मोजणाऱ्या 'हिग इंडेक्स'मुळे ती ओळखली जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने 'कॅस्केल' हे नाव घेतलं. काम तयार कपड्यांच्या पलीकडे गेलं होतं आणि जुनं नाव त्याला पुरत नव्हतं, त्यामुळे बदल रास्तच होता. मात्र जुन्या लांबलचक नावावरून काम लगेच कळायचं. 'कॅस्केल' ऐकून नवख्याला काहीच उमगत नाही. तिचे सभासद म्हणजे कंपन्या, त्यांना पत्राने कळवता येतं. ज्या संस्थेची भिस्त सर्वसामान्य देणगीदारांवर आहे, तिला हे परवडणार नाही.

फॅशन रिव्होल्यूशनची गोष्ट वेगळी. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कॅरी सॉमर्स आणि ऑर्सोला डी कॅस्ट्रो यांनी ही चळवळ सुरू केली. 'माझे कपडे कोणी शिवले?' हा प्रश्न हीच तिची खरी ओळख. ग्राहक कपडे उलटे घालून लेबल दाखवतात आणि हा प्रश्न विचारतात. शिवणारी बाई 'तुमचे कपडे मी शिवले' असा कागद हातात धरून उत्तर देते. उद्या अक्षरं बदलली, रंग बदलले, तरी तो कागद कोणाचा ते कळेलच. मला ही ओळख जास्त मोलाची वाटते, कारण ती कामगाराच्या हातात जाते.

आता खर्चाचं. महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाने नाव बदललं, तर धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुढे पॅन, आयकर सवलतीच्या नोंदण्या, बँक खातं अशी रांगच लागते. ट्रेडमार्कसाठी संस्थेला ऑनलाइन अर्जाचं शुल्क साधारणपणे मालाच्या प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये पडतं. कापड २४ व्या वर्गात, कपडे २५ व्या, म्हणजे दुप्पट. नुसतं रूप आवरलं तर यातलं बरंचसं टळतं. नवीन चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी तेवढी राहते.

म्हणून माझा सल्ला असा: कामाचा आवाकाच बदलला असेल तर नाव बदला, एरवी नावाला हात लावू नका. पैसे अक्षरांवर घाला. देवनागरी आणि रोमन शेजारी शोभतील असा फाँट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे आणि दोन्ही लिप्या सांभाळतो.

आणि नमुना मंजूर करताना तो पडद्यावर पाहू नका. बोटभर रुंदीच्या विणलेल्या लेबलवर मागवा, सुती टी-शर्टवर एकाच रंगात छापून घ्या. शाई पसरली की 'क्ष', 'श्र'च्या गाठी भरून येतात आणि बारीक रेषा विणीत हरवतात. संस्थेचं नाव तिथे वाचता आलं नाही, तर डिझायनरकडे परत पाठवा.