काटा अडलाय: अजून कमी खायचं की दोन आठवडे थांबायचं?

सात-आठ किलो उतरले आणि मग दोन महिने काटा ढिम्म. बहुतेक जण अशा वेळी ताटातली उरलीसुरली भाकरीही काढतात. काटा थोडा हलतो. पण अंग हलकं झालं की त्याची गरजही घटते, आणि कमी खाल्लं की आपण नकळत कमी हलतो. जिना सोडून लिफ्ट, एकदा बसलो की खुर्ची सुटत नाही. काही आठवड्यांत पुन्हा तिथेच. प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात ते वेगळंच.

दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो: दोन आठवडे वजन टिकेल इतकं खायचं, मग पुन्हा तूट, म्हणजे गरजेपेक्षा कमी कॅलरी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या ‘मॅटाडोर’ प्रयोगात ५१ स्थूल पुरुष होते. आलटूनपालटून डाएट करणाऱ्यांचं सरासरी १४ किलो उतरलं, सलग करणाऱ्यांचं ९. मात्र आलटूनपालटून करणाऱ्यांना वेळ जवळपास दुप्पट लागला, आणि जेवण तयार मिळत होतं! व्यायाम करणाऱ्यांवरच्या नंतरच्या एका प्रयोगात मध्ये थांबणाऱ्यांची चरबी सलग करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली नाही, भूक मात्र कमी जाणवली.

तरी माझं मत दुसऱ्या मार्गाला, फक्त आधी आठवडाभर तेल मोजा. फोडणीचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. वर येताजाता तोंडात टाकलेले दाणे. पुष्कळांची तूट इथेच बुडते. विश्रांतीचे आठवडे दिवाळीत टाकले तर घरचेही खूश. मधुमेहाची औषधं चालू असतील तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.