प्रायमावेरा पी-६ : पाइपिंग उभारणीच्या नियोजनासाठी कितपत उपयोगी?

रिफायनरी किंवा खत कारखान्यासारख्या मोठ्या प्रकल्पाचे वेळापत्रक करायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी प्रायमावेरा पी-६ हेच सॉफ्टवेअर पुढे येते, आणि अनेक निविदांमध्ये तर तशी अटच असते. 1983 साली सुरू झालेली प्रायमावेरा सिस्टिम्स ही अमेरिकी कंपनी 2008 मध्ये ओरॅकलने विकत घेतली. या परीक्षणात मी फक्त यांत्रिक उभारणी आणि पाइपिंग यांच्यापुरतेच बोलणार आहे.

यंत्रसामग्रीच्या उभारणीसाठी पी-६ला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पाया तयार होणे, कॉलम (प्रक्रियेचा उंच मनोरा) साइटवर पोचणे, अवजड क्रेन उपलब्ध असणे आणि तिच्यासाठी रस्ता मोकळा राहणे या गोष्टी एकमेकींत नीट गुंफल्या, तर एका व्हेसलच्या (प्रक्रियेच्या मोठ्या पात्राच्या) उशिराचा परिणाम त्याच्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) जोडायच्या शेवटच्या पाइपपर्यंत लगेच दिसतो. निरनिराळी कॅलेंडरे ठेवण्याची सोय आपल्याकडे फार कामाची आहे. कोकणपट्टीतील प्रकल्पात उघड्यावरच्या वेल्डिंगला आणि रंगकामाला पावसाळ्याचे वेगळे कॅलेंडर लावता येते, आणि शेडमधले स्पूल फॅब्रिकेशन (पाइपचे तुकडे आधीच जोडून ठेवण्याचे काम) मात्र बाराही महिने चालू दाखवता येते.

पाइपिंगकडे वळल्यावर अधिक जपून वागावे लागते. साइटवर प्रगती इंच-डायामध्ये (वेल्ड झालेल्या जोडांच्या इंचांतील व्यासांच्या बेरजेत) मोजली जाते, तर पी-६मध्ये टक्केवारी कालावधीवरून काढण्याचा पर्याय ठेवल्यास दहा दिवसांच्या कामाचे पाच दिवस शिल्लक असताना, एकही जोड वेल्ड झालेला नसला तरी, काम निम्मे झाल्याचे दिसते. म्हणून पाइपिंगसाठी भौतिक टक्केवारी (प्रत्यक्ष झालेल्या कामावरून काढलेली) निवडावी आणि फिट-अप (वेल्डिंगआधी तुकडे जुळवणे), वेल्डिंग, सपोर्ट, चाचणी या टप्प्यांना भार ठरवून द्यावा. ही सोय पी-६मध्ये आहे, पण ती वापरलेली क्वचितच आढळते, याची खंत वाटते. प्रत्येक जोडाचा वेल्डर, हीट नंबर (धातूच्या ओताचा क्रमांक) आणि रेडिओग्राफीचा (किरणांनी केलेल्या जोडाच्या तपासणीचा) निकाल यांच्यासाठी मात्र स्वतंत्र नोंदवही हवीच. ते या सॉफ्टवेअरचे काम नव्हे.

खरी कसोटी लागते ती टेस्ट पॅकच्या, म्हणजे एकत्र चाचणी घ्यायच्या पाइपलाइनींच्या गटाच्या, वेळी. उभारणी विभागवार पुढे सरकते, पण हायड्रोटेस्टसाठी (पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी) टेस्ट पॅकमधली सगळी लाइन पूर्ण असावी लागते, आणि असा पॅक दोन-तीन विभागांतून जाऊ शकतो. एएसएमई बी३१.३ या प्रक्रिया पाइपिंगच्या अमेरिकी संहितेनुसार डिझाइन दाबाच्या किमान दीडपट दाबाने चाचणी घ्यायची असताना एक सपोर्ट किंवा एक रेडिओग्राफी बाकी राहिली, तरी अख्खा पॅक अडतो. पी-६मध्ये एका कामाला एका प्रकारच्या कोडचे (कामांची वर्गवारी करणाऱ्या खुणेचे) एकच मूल्य देता येते, त्यामुळे विभाग आणि टेस्ट पॅक असे दोन कोड ठेवून, जिथे पॅकची हद्द येते तिथे काम सुरुवातीलाच तोडावे लागते. हे मूळ वेळापत्रक मंजूर होण्यापूर्वी झाले नाही, तर शेवटच्या काही महिन्यांत विभागवार प्रगती नव्वद टक्क्यांवर दिसते आणि चाचणीला तयार पॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात.

हजारो कामे आणि अनेक कंत्राटदार असलेल्या प्रकल्पासाठी मी पी-६चीच शिफारस करेन. एखाद्या पंपहाउसच्या किंवा छोट्या टँक फार्मच्या पाइपिंगला मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट पुरेसे आहे. घेताना परवान्याबरोबर एक असा नियोजक नेमावा, ज्याला आयसोमेट्रिक (पाइपलाइनचे त्रिमितीय रेखाचित्र) वाचता येते आणि जो दर आठवड्याला पाइप रॅकवर चढून काम पाहून येतो.