ओट रूटसाठी घेतलेलं स्की टूरिंगचं सामान: सीझनभर वापरल्यानंतर

ओट रूट म्हणजे आल्प्समधली, फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झरमाटपर्यंतची काही दिवसांची स्की टूर, स्की लावूनच चढायचं आणि उतरायचं. तिथे गाइडबरोबर जायचं ठरल्यावर बूट, बाइंडिंग, स्किन, बीकन सगळं नवीन घेतलं, हिवाळाभर सरावाला वापरलं आणि एप्रिलमध्ये खुद्द रूटवर, त्यामुळे दुकानातल्या ट्रायलवर लिहिलेलं हे नाही.

बुटांबद्दल सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते पैसे आणि वेळ दोन्ही तिथेच घालावेत. एक किलोच्या आतले रेसिंगवाले बूट हातात घेतले की मोह होतो, पण पाठीवर सामान घेऊन खराब बर्फात उतरायचं असेल तर ते लगेच मऊ पडतात, मी सव्वा किलोच्या आसपासचे घेतले आणि त्याचं जराही वाईट वाटलं नाही. वजनापेक्षा वॉक मोडमध्ये (चढताना बुटाचा वरचा भाग मोकळा सोडतात तो) घोटा किती मोकळा हलतो ते बघा, पुढे मागे मिळून 60 अंशांच्या आसपास असेल तर सपाट ग्लेशियरवर पाऊल लांब पडतं. माप बघताना लायनर (आतला मऊ बूट) काढून नुसत्या शेलमध्ये (बाहेरचं कडक कवच) पाय घाला, बोटं पुढे टेकवा, टाचेमागे बोट-दीड बोट जागा राहिली पाहिजे. लायनर गरम करून पायाच्या आकाराचं करून देतात ते कराच, पण ते एकदा करून भागत नाही. काही आठवड्यांनी फोम दबतो आणि चढावर टाच उचलायला लागते, टाच उचलली की फोड आलाच. माझं तेच झालं, परत मोल्ड करून घेतलं आणि आतल्या घोट्याखालच्या हाडाजवळ शेल थोडं फुगवून घेतलं तेव्हा कुठे पाय शांत झाला. म्हणून म्हणतो बूट ट्रिपच्या महिनाभर आधी घेऊन उपयोग नाही. आणि चढताना बकल मोकळी सोडा हो, वरचा पट्टा आवळून चढणारे लोक संध्याकाळी नडगी चोळत बसलेले असतात.

बाइंडिंग (बूट स्कीला अडकवतं ते) पिनवालं, म्हणजे फ्रिट्झ बार्थेलने 1980 च्या दशकात काढलेली तीच आयडिया, पुढे दोन पिना आणि टाच मोकळी. हलकं आहे, मस्त आहे, पण लाड करावे लागतात. पुढच्या स्प्रिंगखाली बर्फ दाबून बसला की पिना बुटात पूर्ण जात नाहीत आणि वरून बघून ते कळतही नाही, मी आता पोलच्या टोकाने खालचा बर्फ आणि बुटाच्या भोकातला बर्फ दोन्ही उकरतो, पाय अडकवून टाच चार वेळा वर खाली करतो आणि मगच चढासाठी पुढची लिव्हर लॉक करतो. उतरताना लिव्हर लॉकमध्ये राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही, हे घरीच शंभरदा करून हाताला लावून घ्या. हील रायझरचं (तीव्र चढावर टाचेखाली उभा करायचा आधार) प्लास्टिक मात्र अगदीच टुकार, सीझन संपायच्या आत लुळं पडलं, कंपनीला मेल केला तर उत्तर नाही.

स्किन, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या, मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) आणि नायलॉन मिक्स. नुसतं मोहेर घसरतं छान पण लवकर झिजतं, नायलॉन पकडतं पण पाय ओढत न्यावा लागतो. एप्रिलमध्ये खरा त्रास वेगळाच, उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलं की स्किनला बर्फाचे गोळे चिकटतात आणि प्रत्येक पायाला दोन किलो लटकवल्यासारखं वाटतं, स्किन वॅक्स खिशात ठेवा, बॅगेत तळाला नको. रात्रीच्या मुक्कामाच्या हटमध्ये शेगडीजवळ वाळत घालू नका, गोंद खराब होतो. स्की क्रॅम्पॉन (कडक बर्फात पकडीसाठी स्कीखाली लावायचे दाते) स्कीच्या रुंदीचेच घ्या, रूटवरच्या दिस हटहून विन्येत हटकडे जाताना सर्पेंतिनच्या चढावर सकाळचा बर्फ काचेसारखा होता, तिथे गाइडने न विचारता सगळ्यांना लावायला सांगितले.

बीकन (हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायला प्रत्येकाने अंगावर घालायचं रेडिओ यंत्र) तीन अँटेनावालं, कुठल्याही कंपनीचं घ्या, सगळी 457 किलोहर्ट्झवरच बोलतात. फरक पडतो तो सरावाने. बर्फाखाली गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि वेळ बीकनपेक्षा फावड्यात जास्त जातो, म्हणून आत बीकन ठेवलेली बॅग पुरून शोधायचा सराव करताना खणायचंसुद्धा, नुसता बीप ऐकून घरी जायचं नाही. शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन बर्फाला टेकवून हळू फिरवा. फोन बीकनपासून एरवी 20 सेंमी आणि शोधताना 50 सेंमी लांब, हा प्रकार खरंच जाणवतो, खिशात फोन असताना माझ्या बीकनवरचे अंतराचे आकडे नाचत होते. सेल अल्कलाइनच, मॅन्युअलमध्ये दुसरं चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर रिचार्जेबल अजिबात नको.

फिटनेसबद्दल थोडक्यात, गाइड तासाला साधारण 300-400 मीटर उंचीच्या वेगाने चालतो, फार नाही, पण थांबत नाही. सकाळी धापा न टाकता बोलता येईल अशा वेगाने तीन तास सलग चढता येत असेल तर जमेल.

एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी पाठीवरची बॅग) मी घेतली नाही. घेणार असाल तर सिलिंडरवाल्यासाठी एअरलाइनची परवानगी आधीच काढावी लागते, आणि बॅगमध्ये जागा किती उरते ते दुकानातच दोर, क्रॅम्पॉन, हार्नेस भरून बघा, माझ्या ओळखीतल्या एकाला ते सगळं बाहेर लटकवून चालावं लागलं.