आठ महिने देशी वाईन: कुठे हजार पुरतात, कुठे दोन हजार द्यावेत

आमच्या घरात वाईन शिरली ती भेट म्हणून. नवऱ्याच्या पन्नाशीला कुणीतरी महागडी परदेशी लाल बाटली दिली. आम्ही ती ओट्यावरच्या कपाटात तांदळाच्या डब्याशेजारी ठेवली आणि पाच महिन्यांनी उघडली. चव उकडलेल्या मनुकांची. बाटलीचा काही दोष नव्हता. वर ठाण्याचा उन्हाळा, खाली गॅसची शेगडी, मधे ती. तेव्हा ठरवलं, की आता देशीच घ्यायची, घरच्या जेवणाबरोबर प्यायची आणि वहीत टिपून ठेवायची. आठ महिन्यांत सव्वीस बाटल्या झाल्या. सासूबाई त्या सगळ्यांना सरसकट 'द्राक्षासव' म्हणतात.

ज्यांना एवढंच वाचायचंय त्यांच्यासाठी: पांढरीला हजाराच्या फार वर जायची गरज मला एकदाही वाटली नाही आणि लालमध्ये हजाराच्या खाली एकदाही समाधान झालं नाही.

पांढरीत नाशिकच्या सुला कंपनीची सोव्हिन्यॉं ब्लां (हे द्राक्षाच्या जातीचं नाव) सव्वीसपैकी नऊ वेळा आली, म्हणजे बघा. नुकती ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा वास, आणि लिंबाकडे झुकणारी आंबट चव. सुरमईच्या तुकड्यावर लिंबू पिळायचं विसरले तरी चालतं. हजाराच्या आत-बाहेर मिळते आणि तेवढ्यात ती चांगली का असते तेही नाशिकला गेल्यावर कळलं. द्राक्ष तोडायचं, स्टीलच्या टाकीत थंडाव्यात आंबवायचं, की काही महिन्यांत बाटली दुकानात. चांगल्या लालला बहुधा ओकच्या लाकडाचं पिंप लागतं, ते महाग. मुरायला वेळ लागतो, तो त्याहून महाग. अशा पांढरीत तुम्ही पिंपाचे पैसे देतच नाही.

सुलाचीच शेनिन ब्लां किंचित गोडसर आहे. आधी मी तिला 'शिकाऊंची' म्हणून बाजूला ठेवलं होतं. मग एका रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर मी मोठ्या थाटात सुलाचीच लाल, रासा शिराज उघडली, दोन हजारांच्या आसपासची. पहिल्या घोटालाच तोंडात आग. तिखटावर अल्कोहोल पडलं की जळजळ वाढते, आणि लाल वाईनचा तुरटपणा त्यात आणखी कडू होतो. वाईन उत्तम होती, अक्कल माझी कमी पडली. नवऱ्याने फ्रिजमधली उरलेली शेनिन आणली, तिच्या गोडव्याने तो रस्सा निवला. तेव्हापासून कोंबडी-वडे, मिसळ, झणझणीत काहीही असलं की शेनिन. अशा जेवणात दोन हजारांच्या बाटलीपुढे नऊशेची बाटली जिंकते, हे दुकानदार सांगत नाही.

दुकानदारावरून आठवलं. स्टेशनजवळच्या एका दुकानात मला चार वर्षं जुनी सोव्हिन्यॉं मिळाली. वर, "मॅडम, वाईन जुनी तेवढी भारी." काचेच्या दर्शनी कपाटात, संध्याकाळच्या उन्हात उभी होती ती. रंग पिवळा पडलेला, चव कापून ठेवलेल्या सफरचंदाची. वर्षानुवर्षं ठेवण्यालायक वाईन जगात थोड्या असतात आणि हजारातली पांढरी त्यात बसत नाही. आता मी किंमत बघायच्या आधी लेबलवरचं साल बघते. पांढरी चालू किंवा गेल्या सालची, फार तर दोन वर्षांची.

हे साल म्हणजे द्राक्षतोडणीचं. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत आम्ही गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या बघायला गेलो तेव्हा वाटेत एका बागाईतदारांशी बोलणं झालं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, असं वर्षातून दोनदा वेलाला कापावं लागतं, कारण इथे वेलाला बर्फाची झोप मिळत नाही. फळ पिकतं ते हिवाळ्यात, आणि रात्रीच्या गारव्याने द्राक्षातला आंबटपणा टिकतो. म्हणजे पावसाळ्यापासून पुढे दुकानात त्याच सालची पांढरी दिसायला हवी. दिसली नाही तर मी दुकान बदलते.

आता लाल. सातशे-आठशेत घेतलेल्या तीनही बाटल्या शेवटी मटणाच्या रश्श्यात गेल्या. 'पोर्ट' लिहिलेल्या स्वस्त बाटल्या वेगळ्याच. त्या गोड असतात, पोर्तुगालच्या पोर्टशी त्यांचं नाव सोडून फारसं नातं नाही. बाराशे-पंधराशेच्या टप्प्यात सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराज आणि ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व्ह या दोन्ही मी परत घेतल्या. दिंडोरीत मिरी आणि काळ्या जांभळासारखा वास येतो, सुक्या मटणाला छान, पण मटणात तिखट बेताचं हवं. ला रिझर्व्ह बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, काबर्ने आणि शिराज या द्राक्षांचं मिश्रण, जरा सौम्य, नुसती प्यायलाही बरी.

दोन हजारांच्या आसपास खर्च करायचाच असेल तर माझं मत फ्रातेल्लीच्या सेत्तेला. आमच्या अकलूजची म्हणून नाही (माहेर माळशिरस तालुक्यातलं, म्हणून थोडं आहेही). इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ आणि सेत्ते म्हणजे सात. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी, अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतले दोन-दोन भाऊ आणि सातवे त्यांचे वाईन करणारे पिएरो मासी. सोलापूर जिल्ह्यात ऊस सोडून इटलीतल्या तोस्कानाचं सांजोव्हेझे द्राक्ष लावायचं, हा हिशेब माझ्या वडिलांना आजही पटत नाही. सेत्तेत ते सांजोव्हेझे काबर्नेबरोबर येतं. उघडल्याउघडल्या ती गप्प असते, तुरट लागते. पाऊण तास काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली की वास मोकळा होतो. पहिली बाटली आम्ही घाईत संपवली आणि वहीत 'ठीक' लिहिलं. दुसऱ्या वेळी ते खोडलं.

लाल वाईन 'रूम टेम्परेचरला' प्यावी हे वाक्य ज्या खोल्यांसाठी आहे त्या ठाण्यात नाहीत. सोळा-अठरा अंश हवेत. आमच्या दिवाणखान्यात मे महिन्यात बत्तीस असतात. आता लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये जाते. एवढ्या एका बदलाने दिंडोरी शिराज मला पाचशे रुपयांनी महाग वाटायला लागली.

बुडबुड्यांची फार घेतली नाही. दिंडोरीतच बनणारी शांदों ब्रूट दोनदा, दीड ते दोन हजारांत. तिचं दुसरं आंबवणं शॅम्पेनसारखं बाटलीतच होतं. साबुदाणा वड्याबरोबर उघडली. उपास कुणाचाच नव्हता. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन लहान बाटलीत मिळते, द्राक्ष वेलावर जास्त पिकवून केलेली, गोड. श्रीखंडाबरोबर फसली, बेसनाच्या लाडवाबरोबर जमली. सासूबाईंनी चमचाभर चाखून "द्राक्षासव बरं होतं" म्हटलं.

आमचे भाऊजी प्रत्येक वेळी "हृदयाला चांगली असते" म्हणून दुसरा ग्लास भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. मी त्यांना ते दाखवलं. ते म्हणाले, चष्मा नाही आणलाय.

उघडलेली बाटली, लाल असो की पांढरी, मी झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवते. सुलाच्या फिरवून उघडायच्या झाकणाला पूर्वी नाक मुरडायचे. आता बुचाची बाटली घेताना विचार करते, कारण झाकण परत बसतं. पांढरी तीन दिवस नीट राहते. लालचा तिसऱ्या दिवशी मटणात नंबर लागतो. न उघडलेल्या बाटल्या आता बेडरूमच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात आडव्या आहेत. घरातली तीच सगळ्यात गार जागा निघाली.