हळदीच्या गावचा माणूस हळदीला फसला

आम्हा सांगलीकरांना हळदीचा वास येत नाही. मार्केट यार्डाकडून जाताना पाहुणा शिंकतो, आम्ही नाही. त्यामुळं हौसेनं विकत घ्यायला गेलेल्या त्या जुन्या ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ उभा राहिलो तेव्हा नाकात हळद गेली, पण डोक्यात काही शिरलं नाही. शिवाय ट्रॅक्टरवर हळद-कुंकू वाहिलेलं होतं, हार होता, चाकाखाली लिंबू होतं. "सकाळीच पूजा केली काका. घरातली लेक सासरी चाललीय म्हणायचं," विकणारा म्हणाला. मला भरून आलं. मास्तर माणूस, लगेच भरून येतं.

तीन आठवड्यांनी रेडिएटरचं टोपण उघडलं, तर आत पिवळं पाणी आणि तळाला पिवळा गाळ. जुने ड्रायव्हर वाटेत रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकतात. ती भेगेत जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. गॅरेज गाठेपर्यंतची ती सोय. इथं ती विक्रीची तयारी होती. आणि हळदीला भेग कुठली नि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही, त्यामुळं निम्म्या नळ्याही तुंबल्या होत्या.

पण फसायला सुरुवात झाली ती फोनवरच.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, १९७१ साली इंटरनॅशनल बी-२७५ घेतला होता. मूळचा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा ट्रॅक्टर. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि दोन वर्षांनी मुंबईत कांदिवलीला हे ट्रॅक्टर बनायला लागले. ७२च्या दुष्काळात अण्णांनी त्यावर पाण्याची टाकी ओढली. पुढं तो विकावा लागला. निवृत्त झाल्यावर तसाच एक घ्यायचा, उघडून नीट करायचा, बेंदराला गावातून फिरवायचा, एवढीच हौस होती.

जुन्या ट्रॅक्टरच्या एका जाहिरातीवरच्या नंबरला फोन लावला आणि पहिल्या दोन मिनिटांत हे सगळं मीच त्याला सांगून टाकलं. मॉडेल, साल, टाकी, अण्णा, सगळं. तो ऐकत होता. म्हणाला, "काका, आत्ता माझ्याकडं नाही, पण आठ दिवस द्या." आठ दिवसांनी फोटो आला. लाल रंग, जुनी जाळी, बोनेटवर जुनी अक्षरं, आणि पितळी पाटीवर १९७०. वर निरोप, की याच्या मालकानंही दुष्काळात पाणी ओढलंय. मी सांगितलेलीच गोष्ट तो मला परत विकत होता, आणि मी म्हणत होतो, काय योगायोग! गुगल पेवर २५ हजार इसार त्याच संध्याकाळी पाठवला.

बघायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर चालू करूनच ठेवलेला होता. "गार इंजिन सकाळी जरा दम घेतं, तुमचा वेळ कशाला घालवायचा!" इथंच उठून यायला हवं होतं. जुन्या डिझेलची परीक्षा गार असतानाच होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं इंजिन गरम असताना गुमान लागतं, सकाळी मात्र दहा वेळा सेल्फ मारावा लागतो आणि पांढरा धूर निघतो. जाण्याआधी सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या बुडाशी हात जवळ नेऊन बघायचा. ऊब लागली तर चहा पिऊन परत यायचं.

डीपस्टिक मी काढली होती, तेल जाड लागलं. वाटलं, जुन्या गाडीला जाडच घालत असतील. मिस्त्रींनी नंतर चेंबर रिकामा केला तर बरंचसं गिअर ऑइल निघालं. त्यानं धूरही कमी दिसतो आणि बेअरिंगचा आवाजही दबतो.

१ लाख ८५ हजारांना सौदा ठरला. १४ हजार टेम्पोचे वेगळे.

ट्रॅक्टर दारात उतरला तेव्हा सगळ्यात आधी बोलली ती आई. वय ८६, एका डोळ्यानं दिसत नाही. ओसरीवरूनच म्हणाली, "हा खडखडतोय रं. तुझ्या अण्णांचा घुमायचा." मी म्हणालो, "आई, पन्नास वर्षं झाली, तुला काय आठवतंय!" हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

मिस्त्री मिरजेचे, सत्तरीचे. त्यांना आधीच न्यायला हवं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या घरी लग्न होतं आणि मला घाई. त्यांनी बोनेट उघडलं, हेडवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, हीटर प्लग कुठायत?" जुन्या बी-२७५च्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या लहान कप्प्यात पेटतं. म्हणून गार इंजिन चालू करताना हीटर प्लग लागतात, आणि म्हणूनच त्याचा आवाज मऊ. नंतरच्या डीआय, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर पडणाऱ्या, इंजिनाला हे प्लग नसतात, ते कडक वाजतं. आईनं कानानं ओळखलं ते हेच. खाली कितीतरी नंतरचा ट्रॅक्टर होता, वर जुनं बोनेट, जुनी जाळी आणि पाटी.

पाटीसुद्धा वरून ठोकलेली. मिस्त्रींनी नखानं दाखवलं, चारही रिवेट नवीकोरी, हातातल्या मशिननं मारतात तसली पोकळ पॉप रिवेट. आणि लाल रंग रबरी पाइपवर, ग्रीसवर, नट-बोल्टवर सगळीकडं एकसारखा फवारलेला. मनापासून केलेल्या कामात रबर काळं राहतं.

कागदांचं सांगतो, कारण तिथं मी जास्तच हुशारी केली होती. मोबाइलवर आरसी तपासली, काही सापडलं नाही. विकणारा म्हणाला, जुन्या नोंदी ऑनलाइन चढलेल्या नाहीत. असं होतं खरं, म्हणून मी गप्प बसलो. त्यानं आरसी बुक दिलं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दिल्या, दुसऱ्या जिल्ह्याची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, "मागून पाठवतो" म्हणाला. आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा दोन आकडे बाकीच्यांहून खोल उमटले. खाली घासकाम केलेलं. आरसी कुठल्या तरी भंगारात गेलेल्या ट्रॅक्टरची, लोखंड दुसऱ्याचं. ही पेन्सिलची छाप पैसे देण्याआधी कुणीही घेऊ शकतो, पाच रुपयांचंही काम नाही.

इथवर नुसते पैसे गेले. जीव जाता जाता राहिला ती गोष्ट वेगळी.

मिस्त्री येण्याआधीचा दिवस. बांधावर बाभळीचं खोड होतं. म्हटलं, साखळी लावून ओढू. मागं एक जाड हूक वेल्ड केलेला होता, मला तो मजबूत वाटला. क्लच सोडला आणि पुढची चाकं उचलली. आवाज नाही, इशारा नाही, समोरचा बांध दिसेनासा होऊन आभाळ दिसलं. पाय क्लचवरच होता म्हणून दाबला गेला. ओढायसाठी खाली असलेला मूळ ड्रॉबार काढून तो हूक मागच्या एक्सलच्या वर लावला होता. ओढ एक्सलच्या वरून लागली आणि मागची चाकं अडली की ट्रॅक्टर स्वतःच्याच चाकांभोवती मागं उलटतो, आणि विचार करायला एक-दीड सेकंदही मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरला वर लोखंडी कमान नसते. खाली आपणच.

शिवाय दोन ब्रेक पॅडल जोडणारी पट्टी गायब होती. रस्त्यावर जोरात एकच पॅडल दाबलं गेलं असतं तर ट्रॅक्टर आडवा. मागची अवजारं फिरवणाऱ्या पीटीओच्या दांड्यावर टोपी नव्हती. सेल्फचं बटण बंद, म्हणून विकणाऱ्याचा पोरगा मागच्या चाकापुढं उभा राहून स्क्रूड्रायव्हरनं सेल्फचे दोन टोक जोडायचा. मला ते कौतुकाचं वाटलं होतं! गिअर पडलेला असेल तर इंजिन लागता क्षणी ते चाक त्याच माणसावर चढतं. मिस्त्री हे ऐकून चिडले, "सर, तुम्ही पोरांना काय शिकवत होता?"

विकणाऱ्याचा फोन आधी लागत होता, मग उचलेना, मग बंद. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हा दिवाणी मामला" ऐकलं. चेसिस नंबरची छाप, गुगल पेची नोंद आणि त्याचे उरलेले निरोप छापून नेले तेव्हा अर्ज घेतला आणि पोच दिली. आपण चारशेवीस म्हणतो ते आता न्याय संहितेत ३१८ झालंय, हेही तिथंच कळलं. निरोप मात्र पुसू नका. रागानं मी निम्मे पुसून बसलो होतो.

गेल्या महिन्यात भाच्याच्या फोनवरून त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली, नंबर दुसरा. भाच्यानं फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "घरी पूर्वी कुठला होता दादा?" भाच्यानं मुद्दाम सांगितलं, आजोबांचा झेटर होता. "आठ दिवस द्या," तो म्हणाला. तेही रेकॉर्डिंग ठाण्यात दिलंय.

ट्रॅक्टर गोठ्यात उभा आहे. चौकशी होईपर्यंत हलवायचा नाही. मिस्त्री म्हणतात, बोनेट आणि जाळी तेवढी अस्सल आहे, कांदिवलीचीच. आतल्या बाजूला जुन्या रंगावर कुणीतरी खिळ्यानं ओरखडून "जय मल्हार" लिहिलंय. आई विचारते, हे कुणाच्या घरचं काढून आणलंय?